वाघमारेसाहेबांचा कान

वाघमारेसाहेबांना आमच्या कंपनीत कुणी वाईट म्हणत नसे, कारण एकदा म्हणायला लागलं की थांबता यायचं नाही आणि जेवणाची सुट्टी अर्ध्याच तासाची असायची. ते क्वालिटीचे मुख्य, मी एचआरमध्ये. महाळुंग्याला आमचा लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना. मूळ कंपनी युरोपातली. साहेबांचा दरारा मात्र असा, की खुद्द युरोपातून पाहुणे आले तरी आधी त्यांच्या खोलीत डोकावून यायचे.

त्या दराऱ्याचं कारण म्हणजे त्यांचा कान. ओतलेला भाग एका हाताने लटकवून धरायचा, दुसऱ्या हाताने त्यावर छोटी हातोडी मारायची आणि डोळे मिटून ऐकायचं. भाग सलग असला तर आवाज घुमत राहतो, आत कुठे तडा असला तर बसका येतो. हे काम करायला लाखो रुपयांचं यंत्र होतं, पण यंत्राने चांगला म्हटलेला भाग साहेबांनी "बेसूर आहे" म्हणून बाजूला ठेवला आणि कापल्यावर आत केसाएवढा तडा निघाला, असं मी स्वतः पाहिलं आहे.

नाकारलेल्या भागावर लाल रंगाचा फटकारा ते स्वतः मारत. त्यासाठी खिशात बारका ब्रश असे. एवढ्यावर भागायचं नाही. लाल रंगाचा माल भंगारात जाण्याआधी त्यांच्या डोळ्यांदेखत कापला गेला पाहिजे, असा नियम होता. "रिजेक्ट माल शाबूत राहिला की कधी ना कधी चांगल्या मालात मिसळतो," ते म्हणायचे. ओतकामाच्या धुरळ्यात पांढराशुभ्र शर्ट घालून फिरणारा हा एकच माणूस. गळ्याला त्रास नको म्हणून ते ताक पीत नसत, थंड पाणी पीत नसत, एसी असलेल्या खोलीत मफलर गुंडाळून बसत आणि सतत लवंग चघळत. कारण साहेब गात असत. शास्त्रीय.

मला ते "जोशीबाई" म्हणत आणि गाण्याबद्दल बोलताना हटकून जोडत, "तुमच्या घरात संस्कार आहेत, तुम्हाला सांगायला नको." आमच्या घरातला संगीताचा संस्कार म्हणजे वडिलांचा रेडिओ, आणि त्यावर क्रिकेटचं धावतं वर्णन. मला एक राग धड ओळखता येत नाही. हे मी त्यांना अनेकदा सांगितलं, पण जोशी आडनावाच्या बाईला राग कळत नाही ही गोष्ट त्यांना पटेचना. विनय समजून ते कौतुकाने हसत.

ते स्वतः पिंपरीच्या कामगार वस्तीत वाढलेले. वडील लातूरकडून आलेले, फाउंड्रीत मजूर आणि जलशात गाणारे शाहीर. विहारासमोर, चाळीच्या चौकात, जयंतीच्या मिरवणुकीत त्यांच्या आवाजावर माणसं जमायची. हे मला इतरांकडून कळलं. साहेबांनी वडिलांच्या गाण्याचा उल्लेख कधी केला नाही. ते बोलत ते गुरुजींबद्दल. पुण्यातल्या जुन्या भागात हे गुरुजी राहत. कंपनीच्या बसमध्ये एकदा त्यांनी मला सांगितलं, की शिकायला जात तेव्हा गुरुजी त्यांना दाराशी, चपलांजवळ बसवत. बाकीचे शिष्य आत सतरंजीवर. पहिली काही वर्षं गाऊही दिलं नाही, नुसतं ऐकायला लावलं. "तुझ्या गळ्यातली ढोलकी आधी जाऊ दे, मग बघू," असं म्हणत.

"आणि तुम्ही बसलात?" मी विचारलं.

"दारातून आवाज फार स्वच्छ ऐकू येतो, जोशीबाई," साहेब म्हणाले. अभिमानाने म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाला दाराशी बसवतात आणि का, हे मी माझ्या आजोळी पाहिलेलं आहे. त्यांनाही ते कळत नसेल असं नाही. पण त्या म्हाताऱ्याने जे केलं त्याला त्यांनी शिस्त असं नाव दिलं होतं आणि तीच शिस्त आता सगळ्या जगाला लावत सुटले होते.

तिचा प्रसाद कुणाला मिळाला नाही? बबनराव नावाचे आमचे एक जुने फिटर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात, कॅन्टीनमध्ये, हार गळ्यात असताना लोकांनी आग्रह केला म्हणून ते बिचारे उभे राहून गावाकडचं एक भजन म्हणू लागले. डोळ्यांत पाणी, आवाज कापरा. बायको पहिल्या रांगेत नव्या लुगड्यात. दुसऱ्याच कडव्याला साहेब उभे राहिले आणि हात वर करून म्हणाले, "बबनराव, पंचम लागत नाही. बसा." आणि बबनराव बसले. आयुष्यभर क्वालिटीने बस म्हटल्यावर बसायची सवय होती. त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला तो कार्यक्रम संपेपर्यंत काढला नाही. नंतर मी साहेबांना म्हटलं, की आज तरी गाऊ द्यायचं होतं. ते खरोखर चकित झाले. "अहो, पण बेसूर होतं," म्हणाले.

अशा माणसाच्या हातात एके दिवशी सगळी मानवजात आली.

झालं असं, की मूळ कंपनीने बनवलेला एक उपग्रह वर जाणार होता आणि त्यात एक चिप बसवायची होती. जगभरच्या कंपनीच्या प्रत्येक कारखान्याने एकेक गाणं पाठवायचं, तीन मिनिटांचं. पृथ्वीवरची माणसं कशी होती हे त्यातून कळावं. कुणाला कळावं, ते मेलमध्ये लिहिलं नव्हतं. आमच्या मॅनेजरनी निवड समिती नेमली. अध्यक्ष वाघमारेसाहेब, चिटणीस मी.

कॅन्टीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. बिहारची पोरं म्हणाली, "मॅडम, छठ का गाना भी सुन लीजिए." कोकणातल्या एकाने जाखडी नाचाचं गाणं आणलं. महाळुंग्यातले एक शेतकरी होते. जमिनी कंपन्यांना गेल्यावर आता आमच्याकडे ट्रक लावतात. ते तर मिशीला पीळ भरूनच आले. "आमी जमिनी दिल्या कंपनीला. गाणं बी आमचंच जायला पायजे. दुसऱ्याचं कसं जाईल?" साहेबांनी सगळ्यांना ट्रेनिंगच्या खोलीत एकेक करून बोलावलं, प्रत्येकाचं माझ्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करायला लावून अर्धं मिनिट ऐकलं आणि माझ्यासमोरच्या कागदावर लाल फुली मारायला लावली. जाखडी म्हणजे आरडाओरडा. छठचं गाणं म्हणजे रडगाणं. चऱ्होलीच्या एका ऑपरेटरच्या आईने जात्यावरची ओवी म्हटली. ती ऐकून म्हणाले, "हे दळण आहे. संगीत कुठे आहे यात?" ती बाई हसली. तिला वाटलं साहेबांनी कौतुक केलं.

याच दिवसांत मला त्यांचे वडील भेटले. मीही पिंपळे गुरवलाच राहते, साहेबांच्या इमारतीपासून जवळच. संध्याकाळी बागेतल्या बाकावर दगडूबाबा बसलेले असायचे. ऐंशी पार केलेला, वाळून गेलेला म्हातारा, पण आवाज असा की हळू बोलले तरी शेजारच्या बाकावर ऐकू जावं. मुलाच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून त्यांची ढोलकी माळ्यावर चादरीत बांधून ठेवली होती. सोसायटीत चालत नाही, असं मुलाने सांगितलं होतं.

"मॅडम, माझं गानं आभाळात जानार म्हनं?" त्यांनी मला विचारलं.

आमच्या ओतकामातला प्रकाश नावाचा ट्रेनी पिंपरीच्या त्याच वस्तीतला. गेल्या जयंतीला मिरवणूक संपल्यावर दगडूबाबा विहाराच्या पायरीवर बसून, कुणी सांगितलं नसताना, आपलं जुनं गाणं गायले होते. समोर पाचपन्नास माणसं नव्हती, पाचसात होती. प्रकाशने मोबाइलवर ते घेतलं होतं आणि तेच तो स्पर्धेला देणार होता. बाबांनी सगळ्या बागेला सांगून टाकलं होतं. फाउंड्रीवरचं ते गाणं त्यांनीच रचलेलं. गावाकडून आलेली माणसं, ज्यांच्या माठातलं पाणी कुणी पीत नव्हतं, ती भट्टीपुढे उभी राहिली आणि भट्टीच्या उजेडात सगळ्यांचीच तोंडं लाल दिसली, असं काहीतरी.

"निवड कोन करनार हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमचा मिलिंदच."

बाबा इतके खूश झाले, की मला पुढे बोलवेना. "मग झालंच," ते म्हणाले. "त्यानं ल्हानपनापास्नं माझं गानं ऐकल्यालं न्हाई. आता बसून ऐकंल. ऐकावंच लागंल." आभाळाचं निमित्त होतं. म्हाताऱ्याला मुलाने ऐकायला हवं होतं, एवढंच. त्यांनी मला हेही सांगितलं, की त्यांच्या गाण्यांची एकच कॅसेट होती आणि मिलिंदने कॉलेजात असताना तिच्यावर गुरुजींची शिकवणी भरून घेतली. "कोरी कॅसेट घ्याया पैसं न्हवतं तवा," ते म्हणाले. मुलाची बाजू घेत म्हणाले.

प्रकाशची पाळी आली त्या दिवशी ओतकामातली चारपाच पोरं दाराबाहेर उभी होती. आवाज कुणाचा आहे ते सगळ्यांना माहीत होतं. प्रकाशने मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, वळखा."

साहेबांनी पहिल्या शब्दाला ओळखलं. त्यांचं लवंग चघळणं थांबलं. इतरांना अर्धं मिनिट देणाऱ्या या माणसाने ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं, डोळे मिटून, हातोडीनंतर मिटत तसेच. मध्ये फटाके होते, कुणीतरी खोकत होतं, आणि त्या सगळ्यावरून तो आवाज जात होता. मला गाण्यातलं कळत नाही, पण हातातलं पेन मी खाली ठेवलं. दाराबाहेरची पोरं उंबऱ्यापर्यंत आली. मला वाटलं, आता हा माणूस रडेल आणि सुटेल.

"आवाज फाटलेला आहे," साहेब म्हणाले. "चालीला शिस्त नाही. मिरवणुकीचा माल आहे हा. माणसाचं संगीत म्हणून हे पाठवायचं? उद्या कुणी ऐकलं तर काय म्हणेल, आपण कसे होतो?"

"असेच होतो की साहेब," प्रकाश म्हणाला.

"रिजेक्ट," साहेब म्हणाले. मी फुली मारली नाही म्हणून त्यांनी कागद ओढून स्वतः मारली. आणि मग त्यांनी ते केलं, जे क्वालिटीच्या माणसालाच सुचू शकतं. नाकारलेली सगळी रेकॉर्डिंग पुसून टाकायला सांगितली. चुकून पाठवली जायला नकोत, चांगल्यात मिसळायला नकोत. माझ्या कॉम्प्युटरवरची तर पुसलीच, पण एकेकाला बोलावून मोबाइलमधलीही पुसायला लावली, पुन्हा कचऱ्याच्या खान्यात जाऊन तिथूनही. प्रकाश अजून कायम झालेला नव्हता. त्याने साहेबांकडे पाहत पाहत अंगठ्याने पुसलं.

मी त्या वेळी भांडले. "अहो, तुमचे वडील आहेत ते," म्हटलं. साहेब शांतपणे म्हणाले, "म्हणूनच. पक्षपात केला असं कुणी म्हणायला नको." आणि दोन दिवसांनी त्यांनी मानवजातीतर्फे स्वतःच्या आवाजातला ख्याल पाठवला. पुण्यातल्या स्टुडिओत, दोन तानपुऱ्यांवर गायलेला. यात पक्षपात त्यांना दिसला नाही, कारण तो सुरात होता.

बागेतल्या बाकावर त्यानंतर दगडूबाबा दिसेनासे झाले.

युरोपातून उत्तर आलं ते व्हिडिओ कॉलवर. निवड करणारी एक गोरी बाई होती, फार गोड बोलणारी. तिने ख्यालाचं कौतुक केलं आणि म्हणाली, की असं तर आम्ही कुठेही ऐकतो. यात तुमची जागा कुठे आहे, तुमचे कामगार कुठे आहेत? तुमच्याकडे ढोल असतील ना, रस्त्यावर गातात ना लोक? तसं काही पाठवा. ऐकणाऱ्याला लगेच भारत वाटला पाहिजे. साहेब मफलर नीट करत म्हणाले, "मॅडम, हाही भारत आहे." बाई हसून म्हणाली, हो हो, नक्कीच, आणि शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. तिचाही मला रागच आला. आमच्या साहेबांना एकाने ढोलकी काढून टाक म्हणून दाराशी बसवलं आणि आयुष्य घालवून ती काढल्यावर दुसरीने ढोलकी कुठे आहे म्हणून विचारलं. कॉल संपल्यावर त्यांनी मफलर काढून घडी घातली. त्या दिवशी मला त्यांची कीव आली, ती तेवढीच.

मग ते मला घेऊन घरी वडिलांकडे गेले. परक्या बाईसमोर म्हातारा नाही म्हणणार नाही, असा हिशेब होता. दगडूबाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. साहेबांनी ढोलकी माळ्यावरून काढून, पुसून समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. उद्या स्टुडिओत जायचं, गाडी आहे, चांगला माइक आहे.

"तू रिजेक्ट केलंस न्हवं?" बाबा म्हणाले.

"तेव्हा निकष वेगळे होते, बाबा."

"आता गोऱ्यांनी मागितलं म्हनून माझा आवाज चांगला झाला व्हय?" बाबा माझ्याकडे वळले. "मॅडम, मी बी फाउंड्रीत हाडं झिजवली. लाल रंग लागल्याला माल परत लायनीवर घेतल्याला मी कदी बघितला न्हाई." मग मुलाला म्हणाले, "तू म्हन. माझं गानं तू म्हन. मी ऐकतो. बसलं तर तुझंच पाठव."

साहेब जमिनीवर बसले. त्यांना शब्दन् शब्द येत होता. मला हे अपेक्षितच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि गायला लागले, आणि गायले फार सुंदर, घासूनपुसून, प्रत्येक जागा घेऊन. भट्टीपुढे उभी राहिलेली ती माणसं अशी काही सजवली, की त्यांच्या अंगावर घामाचा थेंब राहिला नाही. दुसऱ्या कडव्याला बाबांनी हात वर केला.

"बस," ते म्हणाले. "गळा ब्येस हाय. गुरुजीनं चांगला घासलाय. पर ह्ये माझं गानं न्हाई. चाल बी माझी न्हाई."

"मग तुमची कशी होती?" साहेबांनी विचारलं. आवाज पहिल्यांदाच बसका वाटला. "बाबा, एकदा म्हणून दाखवा. पाठवायचं नाही हवं तर. मला."

बाबांनी ढोलकीवर हात ठेवला. त्यांनी हात काढून घेतला. "तूच पुसलंस न्हवं?" ते म्हणाले. "मग ऱ्हाऊ दे पुसल्यालं." आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. खाली उतरताना साहेब जिन्यात दोनदा थांबले. मी थांबले नाही.

शुक्रवार गेला. बाईने आमची जागा रिकामी ठेवली नाही. कारखान्याच्या जाहिरातीच्या व्हिडिओत आमच्या प्रेस मशीनचा आवाज होता, तोच तिला फार अस्सल वाटला. तीन मिनिटं धाडधाड. महाळुंग्याची माणसं म्हणून तो आवाज वर गेला. कॅन्टीनमध्ये पोरं पोट धरून हसली. "आपल्यापेक्षा प्रेसच बरी गायली राव," म्हणाली.

त्या हिवाळ्यात दगडूबाबा झोपेतच गेले. शोकसभेला विहारात त्यांचे जुने साथीदार म्हणून दोघं उरले होते. एकाला ऐकू येत नव्हतं. दुसऱ्याला त्या गाण्याचं धृपद तेवढं आठवत होतं आणि तेही तो दर वेळी वेगळं म्हणत होता. साहेब पुढे वाकून ऐकत होते.

त्यांना असं ऐकताना मी शेवटचं पाहिलं ते ओतकामात. सेफ्टीचे बोर्ड लावायला मी तिकडे गेले होते. जेवणाची सुट्टी होती, मशीन बंद होती. प्रकाश एका खोक्यावर डबा उघडून बसला होता आणि त्याच्यासमोर, शर्टाला धूळ लागेल याची पर्वा न करता, वाघमारेसाहेब दुसऱ्या खोक्यावर बसले होते.

"तू बरंच ऐकलं असशील ते," साहेब म्हणत होते. "मोबाइलवर. आठवेल तसं म्हण."

"मला न्हाई येत साहेब."

"येईल तसं."

प्रकाशने घास गिळला, तोंड पुसलं आणि म्हटलं. दोन ओळी, वर बघत, आठवत आठवत. कायच्या काय म्हटलं. कुठल्याशा हळदीत वाजणाऱ्या गाण्यावर त्याने बाबांचे शब्द बसवले होते, हे माझ्यासारखीलाही कळलं. मुद्दाम केलं की खरंच तसं आठवत होतं, हे त्याच्या तोंडावरून समजेना. साहेब डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी डोळे उघडले.

"अशीच होती का चाल?" त्यांनी विचारलं.

प्रकाशने डब्याचं झाकण लावलं. "मला काय म्हाईत साहेब," तो म्हणाला, "बाप तुमचा व्हता."